उद्यानातला एक कोपरा झाडलोटीपासून वाचवायचा आहे (नेरूळ)

पाणकणीस

आमच्या सेक्टरातल्या उद्यानाच्या मागच्या अंगाला, नाल्याच्या भिंतीलगत, साधारण चार गुंठ्यांचा एक तुकडा आहे. उद्यान आखलं तेव्हा तिथे काहीतरी व्हायचं होतं म्हणे, ते राहून गेलं. त्यामुळे लॉन नाही, कारंजं नाही, ओपन जिम नाही. दोन जुने करंज, एक उंबर, अर्धा वाळलेला रेन ट्री आणि पावसाळ्यात कमरेएवढं गवत. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत मधल्या खोलगट भागात पाणी असतं.

बाकीच्या उद्यानात कबुतरं, कावळे आणि साळुंक्या. या चार गुंठ्यांत मात्र तांबट, शिंपी, दयाळ, भारद्वाज, गवताचं बी खायला येणारा मुनियांचा थवा आणि मुंगसाचं एक कुटुंब. मी पक्षीतज्ज्ञ वगैरे नाही. पण एकाच कुंपणाच्या आत एवढा फरक दिसतो तेव्हा कारण जागेत नसून आपण जागेला काय करतो यात आहे, एवढं कळतं.

आता त्या तुकड्यावर पेव्हर ब्लॉक, बसायची बाकं आणि सेल्फी पॉइंट येणार अशी कुणकुण आहे. अंदाजपत्रक अजून झालेलं नाही. आम्ही पाच-सहा जण मिळून 'हा कोपरा छोटं राखीव नैसर्गिक क्षेत्र म्हणून ठेवा' असं पत्र देणार आहोत. खाडीकाठी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून ते रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, त्याचा अभिमानच आहे. पण तांबटाला आणि मुंगसाला त्याचा काय उपयोग? त्यांना आपल्या गल्लीतच जागा लागते.

कोणी असं काही करून घेतलंय का? अशा जागेला कायद्याने काही दर्जा मिळतो का? डास, साप यावर लोकांना काय सांगायचं? आणि देखभाल कोणी करायची?

उपटसुंभ

चार गुंठ्यांत अभयारण्य! ताई, नेरूळमध्ये चार गुंठ्यांचा भाव माहीत आहे ना? तिथे वाघ आणून सोडलात तरी कोणीतरी त्याला सी-व्ह्यू वन बीएचके दाखवेल.

दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या. पाठिंबा आहे. सेल्फी पॉइंटवर 'आय लव्ह' लिहिलेली लाल बदामाची पाटी येणार असेल तर दुप्पट पाठिंबा.

टाचणी

चार गुंठे कमी नाहीत. बिबट्याला कमी, पण कीटकांना आणि लहान पक्ष्यांना पुष्कळ. फुलपाखरांचंच घ्या. सुरवंट कुठल्याही पानावर वाढत नाही, प्रत्येकाचं ठरलेलं झाड असतं. प्लेन टायगरला रुई, कॉमन बॅरनला आंबा, टेल्ड जेला सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात तो उंच हिरवा अशोक, पिवळ्या ग्रास यलोला टाकळा. राणी पाकोळी, जी २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे, तिला लिंबाच्या कुळातली झाडं लागतात. म्हणजे जिथे टाकळा 'तण' म्हणून उपटला जातो तिथून पिवळी फुलपाखरंही जातात, आणि मग आपण त्याच बागेत फुलपाखरांचा सिमेंटचा पुतळा बसवतो.

एक काम आत्तापासून करा. फोटो काढून आयनॅचरलिस्टवर टाका, पक्ष्यांची यादी ईबर्डवर. तारीख, जागा सगळं आपोआप नोंदलं जातं. पत्राबरोबर 'आम्हाला वाटतं' जोडण्यापेक्षा अशी यादी जोडलेली बरी. आणि बाकीच्या उद्यानाचीही वेगळी यादी करा. तो फरकच तुमचा मुद्दा आहे.

रोजचा_फेरा

मी याच उद्यानात रोज सकाळी चालतो, त्यामुळे स्पष्ट लिहितो, राग नसावा. वरचे सगळे प्रतिसाद घराच्या खिडकीतून निसर्ग पाहणाऱ्यांचे वाटतात. त्या कोपऱ्यात मागच्या पावसाळ्यात साप निघाला होता. संध्याकाळनंतर तिथे दारू पिणारी टोळकी बसतात, कारण गवतामुळे बाहेरून काही दिसत नाही. माझ्या पत्नीला डेंग्यू झाला होता, प्लेटलेट पार खाली गेल्या होत्या. साचलेलं पाणी 'राखून' ठेवायचं म्हणता तेव्हा आमच्यासारख्यांना काय वाटतं याचा विचार करा.

आम्हा ज्येष्ठांना बाकं हवी आहेत. सेल्फी पॉइंट नको, तिथे तुमच्याशी सहमत.

टाचणी

काका, डेंग्यूबद्दल लिहिते, कारण ती भीती खरी आहे आणि ती झटकून टाकणं बरोबर नाही.

डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो ती भांड्यांत साठलेल्या स्वच्छ पाण्यात. कुंडीखालची ताटली, टायर, गच्चीवरची ताडपत्री, न झाकलेली टाकी, फ्रीजच्या मागचा ट्रे. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. जिथे चतुर आणि टाचण्या या उडत्या किड्यांची पिल्लं, पाणढेकूण आणि मासे आहेत अशा तळ्यात डासाच्या अळ्या फार टिकत नाहीत. चतुराचं पिल्लू पाण्यात असतानाही अळ्या खातं आणि पंख फुटल्यावर उडते डासही.

पण दुसरी बाजूही आहे. त्या कोपऱ्यात आत्ता जे साचतं ते तळं नाही, ती डबकी आहेत. बुटांच्या खड्ड्यांत, फेकलेल्या चहाच्या कपांत, वेफर्सच्या पाकिटांत चार दिवस पाणी राहतं, आणि डासांना खाणारं तिथे काहीच नसतं. असं पाणी राखायचं नाहीच. एकाच ठिकाणी गुडघाभर खोल, उताराच्या काठाचा एक खड्डा करायचा, बाकीचा चढउतार मातीने भरून सपाट करायचा आणि प्लास्टिक दर आठवड्याला उचलायचं. डास वाढण्याऐवजी कमी होतील.

गप्पी मासे सोडा असं मलेरिया खात्याचे लोक सांगतील. ते अळ्या खातात हे खरं, पण बेडकांची अंडी आणि बारीक पिल्लंही खातात. आपल्या ओढ्या-तळ्यांत डोक्यावर चंदेरी ठिपका असलेले छोटे मासे असतात, ते हेच काम करतात आणि ते इथलेच आहेत.

उपटसुंभ

आता माशांमध्येही भूमिपुत्र आणि परप्रांतीय? धागा शंभरी गाठणार.

खुरपं

बावीस तेवीस वर्षं उद्यानांच्या कामावर देखरेख केली, आता निवृत्त. कुठल्या शहरात ते विचारू नका. चर्चा चांगली आहे, पण सगळे जण झाडं, पक्षी, डास यावर बोलताहेत. तुमचा कोपरा ठरतो तो देखभालीच्या निविदेत, तिथे कोणी पाहतच नाही.

कसं चालतं ते सांगतो. उद्यानाची देखभाल ठेक्याने दिलेली असते. त्यात कामं लिहिलेली असतात: रोज झाडलोट, पालापाचोळा उचलणं, लॉन ठरावीक उंचीवर कापणं, निंदणी, खत, कीटकनाशक फवारणी, कुंपणाची छाटणी. बिल निघतं ते उद्यानाच्या क्षेत्रफळावर आणि केलेल्या कामावर. तपासणीला साहेब आले आणि एखाद्या कोपऱ्यात पाला दिसला, गवत वाढलेलं दिसलं, तर ठेकेदाराला दंड. आता सांगा, ठेकेदाराचा माणूस तुमचं पत्र वाचून गवत ठेवेल की दंड टाळायला कापून टाकेल? माझ्या डोळ्यांसमोर एका शाळेच्या मुलांनी वर्षभर जपलेला रानफुलांचा पट्टा एका सकाळी ग्रासकटरने साफ झाला. कापणाऱ्याचा दोष नाही. त्याच्या कागदावर तसंच लिहिलं होतं.

म्हणून पत्रात 'राखीव क्षेत्र घोषित करा' एवढंच मागू नका. घोषणा होते, फीत कापली जाते, पाटी लागते आणि पुढच्या महिन्यात पाटीच्या भोवतीचं गवत कापलं जातं. मागायचं ते असं, की एवढं क्षेत्र रोजच्या झाडलोटीतून आणि लॉनकापणीतून वगळा आणि त्याच्यासाठी निविदेत वेगळी बाब टाका. वेगळी बाब म्हणजे कामं कमी नव्हेत, वेगळी. प्लास्टिक आणि कचरा वेचणं दर आठवड्याला. सुबाभूळ, घाणेरी, गाजरगवत, रानमोडी यांची रोपं मुळासकट उपटणं, श्रावणात माती मऊ असते तेव्हा. गवत वर्षातून दोनदा: दसरा-दिवाळीच्या सुमाराला बी पडून गेलं की निम्मं, उरलेलं माघात. फवारणी बंद. ठेकेदाराला पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर तो तुमचा शत्रू होतो. आणि तो रोज तिथे असतो, तुम्ही रविवारी.

पाणकणीस

खुरपंदादा, हे फारच उपयोगाचं आहे. सध्याच्या ठेक्यात नेमकं काय लिहिलंय ते कसं कळणार? विचारलं तर 'आमच्याकडे नसतं, वर विचारा' असं उत्तर येतं.

खुरपं

माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'देखभालीची माहिती द्या' असं मोघम लिहू नका, चार हजार पानं तपासायला बोलावतील. 'अमुक उद्यानाच्या चालू देखभाल कामाच्या कार्यादेशाची प्रत, कामाच्या बाबी व वारंवारतेच्या तक्त्यासह' एवढंच मागा. तो तक्ता हातात आला की कोणती ओळ बदलायची ते तुम्हाला बोट ठेवून दाखवता येईल. अधिकाऱ्यालाही ते सोपं जातं. निसर्गप्रेमावर सही करायला तो कचरतो, तक्त्यातल्या बदलावर करतो.

टेम्सकाठ

वाचतोय. मी काही वर्षं लंडनला होतो, तिथला अनुभव लिहितो. ब्रिटनमध्ये १९४९ च्या एका कायद्याने स्थानिक संस्थांना अशी छोटी राखीव क्षेत्रं स्वतःच जाहीर करता येतात, त्यामुळे गावोगावी ती आहेत. मला सगळ्यात आवडायचं ते किंग्ज क्रॉस स्टेशनच्या मागचं कॅमली स्ट्रीट नॅचरल पार्क. जेमतेम दोन एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने ऐंशी गुंठे. पूर्वी तिथे कोळशाचं आवार होतं. तिथे वाहनतळ करण्याचा बेत होता, लोकांनी विरोध केला आणि १९८५ साली ते खुलं झालं. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला रेल्वे, मध्ये तळं, बोरू आणि विलोची झाडं. शाळेची मुलं जाळी घेऊन तळ्यातले किडे पाहायची.

आपल्याकडेही असं आहेच की. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलं, १९९४ मध्ये खुलं झालं, ३७ एकर. मिठी नदीच्या आणि धारावीच्या मध्ये. आज तिथे जंगल आहे.

उपटसुंभ

लंडनच्या तळ्यात घोणस नसते हो. पण माहीमचं उदाहरण पत्रात टाका, साहेबांना 'मुंबईत आहे, आपल्याकडे का नाही' हे पटकन कळतं.

ठाणेकरीण

घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत कोणी गेलंय का? खाजगी शेतजमिनीवर फुलपाखरांची बाग केली आहे. टाचणी म्हणाली तसं सुरवंटाच्या खाण्याची झाडं लावली आणि फुलपाखरं आपापली आली. लेकीला घेऊन गेले होते, तिने पहिल्यांदा कोष पाहिला तिथे. मागे येऊरचं जंगल असल्यामुळे ठाण्याच्या त्या पट्ट्याला हे सोपं जातं, हेही खरं.

मला विचारायचंय की मियावाकी, म्हणजे दाटीने रोपं लावून केलेलं जंगल, का नको? दोन-तीन वर्षांत घनदाट होतं. कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात केलंय, जुन्या डम्पिंगच्या जागेवर. हिरवंगार दिसतं. अधिकाऱ्यांनाही आवडतं, 'इतकी हजार झाडं लावली' असं सांगता येतं.

टाचणी

कोपरखैरण्याला मियावाकी योग्यच. उघडी, उजाड, कचऱ्याची जमीन होती. इथे तसं नाही. मियावाकीत दर चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. दोन वर्षांत खाली ऊन पोचत नाही. मग गवत जातं, गवत गेलं की मुनिया गेल्या, टाकळा गेला, तेरडा गेला, कुर्डू गेला. ज्या जागेत आधीच काहीतरी राहतंय तिथे दुसऱ्या कोणासाठी घर बांधायला आधीच्याला बाहेर काढायचं, असा तो प्रकार होईल. आपल्याकडे 'हिरवं' म्हणजे 'झाडं' असं समीकरण घट्ट बसलंय. गवताळ तुकडा, उथळ पाणी, वाळका बुंधा यांनाही किंमत आहे हे पटवणं जास्त अवघड.

वाळक्या बुंध्यावरून आठवलं. तो अर्धा वाळलेला रेन ट्री कापू देऊ नका! निदान पूर्ण नको. तांबट मेलेल्या, मऊ पडलेल्या फांदीतच भोक पाडून घरटं करतो. जिवंत कठीण लाकूड त्याला झेपत नाही. त्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, आणि आपली पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मेमध्ये. म्हणजे पिल्लं असतानाच करवत येते. रस्त्यावर पडेल अशी फांदी काढायलाच हवी, पण आत, जिथून कोणी जात नाही, तिथे दोन पुरुष उंचीचं खोड ठेवलं तर कोणाचं काय जातं? काळे भुंगे, वाळवी, वाळवी खाणारे, सगळे तिथे येतात.

खुरपं

खोड ठेवायचं असेल तर वृक्ष अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. नाहीतर छाटणीचा ठेकेदार वेगळा असतो, त्याला उद्यानाच्या ठेक्यातलं काही माहीत नसतं. आणि नवीन झाडं लावायचीच असतील तर नेरूळची जमीन लक्षात घ्या. वर भरावाचा मुरूम आणि राडारोडा, खाली खारी माती. करंज आपोआप जगलाय तो उगाच नाही. तसंच भेंडीचं झाड, भाजीची भेंडी नव्हे, ते. उंडी. ही खाऱ्या वाऱ्याची झाडं. बकुळ, कांचन लावा हौस म्हणून, पण पहिले दोन उन्हाळे पाणी घालावं लागेल. कोनोकार्पस आणून दिला तर परत पाठवा.

सारसोळेकर

मी इथल्या गावातला. सगळं वाचलं. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

तुमचा तो कोपरा 'राहून गेलेला' नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यातलीच ती. आमची आजी सांगायची, "तवा हय सगली खारजमीन व्हती, नाल्यात निवट्या मिलायच्या." निवट्या म्हणजे चिखलातले छोटे मासे. अजूनही पावसाळ्यात गावच्या बाया त्या कोपऱ्यात टाकळा, कुर्डू खुडायला येतात. मागच्या वर्षी सुरक्षारक्षकाने त्यांना हाकललं, उद्यानातलं काही तोडायचं नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच टाकळ्यावर मशीन फिरलं आणि सगळा कचऱ्याच्या गाडीत गेला.

आता तुम्ही 'राखीव' करणार. मग कुंपण येणार, कुलूप येणार, 'प्रवेश निषिद्ध' येणार. बाया परत बाहेरच. असं असेल तर माझी सही नाही.

पाणकणीस

सारसोळेकर, हा मुद्दा आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हता. कुलूप नको यावर आमचं एकमत आहे. पण खुडण्याचं कसं करावं? सगळ्यांना मोकळं सोडलं तर सेक्टरातले लोकही पिशव्या घेऊन येतील. समाजमाध्यमांवर हल्ली रानभाज्यांचं वेड आहेच.

सारसोळेकर

आमच्या बाया मुळासकट उपटत नाहीत, शेंडा खुडतात. कोवळा असतो तोपर्यंतच, म्हणजे पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवडे. नंतर तो राठ होतो, कडू लागतो, कोणी हात लावत नाही. मग त्याला फुलं येतात, शेंगा येतात, तुमची पिवळी फुलपाखरं येतात. यात भांडण कुठे आहे? पत्रात एक ओळ टाका की पावसाळ्याच्या सुरुवातीला हाताने रानभाजी खुडायला मनाई नाही, उपटायला आणि विकायला मनाई. बस.

टाचणी

हे अगदी बरोबर आहे. आणि एक भर: खुडल्याने टाकळा जास्त फुटतो, सुरवंटांना कोवळी पानं मिळतात. सारसोळेकर, गावच्या ज्येष्ठ बायकांना त्या कोपऱ्यातल्या वनस्पतींची नावं विचारून घेता येतील का? आमच्या यादीपेक्षा त्यांची यादी लांब निघेल, पैज.

चष्मा_कायद्याचा

दर्जाचा प्रश्न बाजूला राहिला म्हणून थोडक्यात. वन्यजीव कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद आहे, पण ती राज्य सरकारने जाहीर करायची असते आणि चार गुंठ्यांसाठी तो रस्ता फार लांबचा. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ नुसार जैवविविधता वारसा स्थळ जाहीर होतं. आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ एका छोट्या माशासाठी २०२१ मध्ये २.११ हेक्टरचं असं स्थळ झालं. पण तो मासा जगात नवीन सापडलेला होता. तुमचा तांबट सगळीकडे आहे. तिथे आशा ठेवू नका.

तुमच्या कामाचं कलम ४१. प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. पत्राची एक प्रत त्या समितीला द्या आणि हा कोपरा नोंदवहीत घ्या अशी मागणी करा. गावच्या बायकांची यादी तिथे उपयोगी पडेल, कारण ती नोंदवही लोकांकडच्या ज्ञानाचीच असते. बाकी चार गुंठ्यांसाठी आयुक्तांचा आदेश पुरतो. महासभेचा ठराव झाला तर जास्त चांगलं, कारण आयुक्त बदलतात. विकास आराखड्यात जागा 'उद्यान' म्हणूनच राहील, ते राहू द्या. त्या आरक्षणामुळेच ती आजवर वाचली आहे.

नाल्यात खारफुटी असेल तर वेगळी गोष्ट. २०१८ चा उच्च न्यायालयाचा निकाल आहे, खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई. पेव्हर ब्लॉकचा प्रश्न तिथेच मिटतो. भिंतीपलीकडे एकदा डोकावून पाहा.

पाणकणीस

डोकावले. भिंतीपलीकडे फक्त पाणकणीस आणि जलपर्णी. खारफुटी बरीच पुढे आहे. हरकत नाही.

रोजचा_फेरा

दोन दिवस विचार केला. सापाबद्दल कोणी उत्तर दिलं नाही.

खुरपं

देतो. तिथे निघाला तो बहुतेक धामण असेल, उंदरांमागे येते. उंदीर येतात बिस्किटं, फुटाणे, डब्यातलं उरलेलं टाकतात त्यामुळे. घोणस असू शकते, नाही म्हणत नाही. तिला दगडविटांचे ढीग आणि वाळक्या पाल्याचे ढीग आवडतात. म्हणून राडारोडा आधी उचलून घ्या आणि पाला ढिगात नको, पसरलेला हवा, वाटेपासून दूर. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन हातांचा पट्टा कायम कापलेला ठेवायचा. साप दिसतो, आणि फेब्रुवारी-मार्चला गवत वाळलं की कोणाच्या बिडीने आग लागली तर जाळरेषेचंही काम होतं. साप दिसलाच तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. त्याचा फलक लावा, मारायला काठी घेऊन धावू नका.

दारूवाल्यांसाठी: वाट आरपार काढा, डोळ्यांच्या उंचीवर झुडपं नकोत, गवत चालेल. आडोसा नसला की ती मंडळी दुसरीकडे जातात. पण दिवा लावायचा तर वाटेवर, खाली तोंड असलेला. झाडांवर फोकस नको. रात्रभर उजेडात ना पक्षी झोपतो ना काजवा दिसतो. म्हणजे नेरूळात काजवा दिसेल असं मी म्हणत नाही.

रोजचा_फेरा

ठीक. माझ्या अटी लिहून ठेवा: आरपार वाट, पाठ टेकायची सोय असलेली तीन बाकं वाटेच्या सुरुवातीला, कापलेला पट्टा, १९२६ चा फलक. एवढं असेल तर ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत मी बोलेन. पाण्याच्या खड्ड्याला माझा विरोध कायम आहे. टाचणीताईंचं शास्त्र चुकीचं आहे असं नाही, पण ते प्लास्टिक दर आठवड्याला उचललं जाईल यावर माझा विश्वास नाही. उचललं गेलं नाही तर डबकंच राहणार.

टाचणी

काका, शंका रास्त आहे. पहिल्या वर्षी खड्डा नको, फक्त खोलगट भाग सपाट करू आणि कचरा उचलण्याची बाब ठेक्यात येते का ते पाहू. आली आणि पाळली गेली तर दुसऱ्या पावसाळ्याआधी पुन्हा बोलू. मला मात्र पहिल्या पावसात तिथे ओरडणारे पिवळेधमक बेडूक हवेच आहेत, हे आत्ताच सांगून ठेवते.

पाणकणीस

पत्राचा मसुदा असा करतेय. चार गुंठ्यांची सीमा नकाशावर. हा भाग रोजच्या झाडलोटीतून, लॉनकापणीतून आणि फवारणीतून वगळून देखभालीच्या ठेक्यात वेगळी बाब. त्या बाबीत खुरपंदादांनी लिहिलेली कामं, जशीच्या तशी. पेव्हर ब्लॉकऐवजी मुरमाची आरपार वाट. काकांची बाकं. रेन ट्रीच्या खोडाबद्दल वृक्ष अधिकाऱ्यांना वेगळं पत्र. रानभाजीची ओळ सारसोळेकरांच्या शब्दांत. सोबत दोन याद्या, कोपऱ्याची आणि उरलेल्या उद्यानाची. प्रत जैवविविधता समितीला. खड्ड्याचा उल्लेख नाही.

उपटसुंभ

फलकाचं डिझाइन माझ्याकडे. बदाम नसेल, वचन.

खुरपं

पत्र उशिरात उशिरा फेब्रुवारीत गेलं पाहिजे. मार्चमध्ये अंदाजपत्रकं पुढे सरकतात, त्यानंतर कोणी तक्त्याला हात लावत नाही. आवक खिडकीवर द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात दिलेलं पत्र सापडत नाही.

पाणकणीस

सोमवारी अकरा वाजता जाणार. सारसोळेकर, तुम्ही येणार का? सह्या तिथेच पूर्ण करू.

सारसोळेकर

येतो. आईलापण आणतो, यादी तिनेच सांगितली आहे. सतरा नावं झालीत, त्यातली सहा मलाच माहीत नव्हती.

रोजचा_फेरा

मीही येतो. पण पुढच्या वर्षी खड्ड्याचा विषय काढलात तर त्या पत्रावर माझं नाव टाकू नका.